ग्लँड (हायड्रॉलिक सिलिंडरचा)

ग्लँड : हायड्रॉलिक सिलिंडरच्या ज्या टोकातून रॉड आत-बाहेर होतो, ते टोक बंद करणारे आटेदार झाकण. रॉडला आधार देणे, तेल आत राखणे आणि धूळ बाहेर ठेवणे ही त्याची कामे. आतल्या बाजूने रॉडला बुश व सील असतात, तोंडाशी वायपर असतो. बाहेरच्या घेराला आटे आणि ओ-रिंगची खाच असते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यात (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) किंवा आसपासच्या गावांत हा भाग ट्रॉलीचा जॅक, लोडर आणि जेसीबीमुळे ओळखीचा असतो. 2018 मध्ये भारतीय जैन संघटना व राज्य शासन यांच्या ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहिमेत बुलढाणा जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्यासाठी अशीच यंत्रे लावली होती. काळ्या मातीचा बारीक गाळ रॉडवर वाळतो. वायपर झिजलेला असेल तर हा गाळ रॉडबरोबर आत जातो आणि सीलची धार खातो.

ग्लँड जितका आवळावा तितकी गळती थांबते, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. तेल अडवते ती ओ-रिंग, आणि तीही खाचेतल्या दाबणीमुळे. स्थिर जागी ही दाबणी रिंगच्या जाडीच्या साधारण 15 ते 25 टक्के ठेवतात. खाच खोल झाली असेल तर कितीही जोर लावला तरी तेल झिरपतच राहते. दाब सुमारे 100 बारच्या वर गेला की रबर फटीत घुसू लागते, म्हणून दाबाच्या उलट बाजूला बॅकअप रिंग घालतात.

आवळण्याचे काम वेगळे आहे : झाकण जागचे हलू न देणे. 80 मिमी बोअर, 45 मिमी रॉड आणि 200 बार दाब असेल तर ग्लँडला बाहेर ढकलणारे बल सुमारे 69 किलोन्यूटन, म्हणजे 7 टनांचे भरते. आवळताना आट्यांत आलेला ताण याहून जास्त असला तरच झाकणाची कड नळीच्या तोंडाला टेकलेली राहते. नाहीतर प्रत्येक उचलीला झाकण किंचित सरकते, ओ-रिंग घासते आणि आट्यांच्या मुळाशी भेग धरते. 85 मिमी व्यासाच्या आट्यांत 80 किलोन्यूटन ताण आणायला कोरड्या आट्यांवर सुमारे 1,360, तर तेल लावलेल्यांवर सुमारे 1,020 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. दुसरा आकडा म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकावर 100 किलोंहून थोडा अधिक जोर. हे आकडे ढोबळ आहेत. निर्मात्याने टॉर्क दिला असेल तर तोच घ्यावा.

रचनेत ओ-रिंगची जागा सर्वांत महत्त्वाची. ती आट्यांच्या आत, दाबाच्या बाजूला हवी. बाहेर ठेवली तर तेल आट्यांत शिरते आणि दाबाचे क्षेत्र वाढून झाकणावरचा भारही वाढतो. मात्र आत जाताना रिंग नळीच्या आट्यांवरून सरकते व कापली जाते. म्हणून आट्यांचा व्यास सीलच्या जागेपेक्षा मोठा ठेवतात आणि मध्ये 15 ते 20 अंशांचा गुळगुळीत उतार देतात. दुसरी अडचण नळीची : दाबाने ती फुगते, आट्यांची पकड कमी होते. त्यामुळे पातळ नळीवर फार बारीक आटे धोक्याचे. आट्यांची लांबी वाढवूनही फारसे साधत नाही, कारण पहिल्याच आट्यावर भाराचा मोठा वाटा येतो.

टेफ्लॉन टेप इथे निरुपयोगी आहे. हे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. टेपचे तुकडे मात्र व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. छन्नी-हातोड्याने ग्लँड फिरवल्यास त्यावरील पान्याच्या खाचा फुटतात, तेव्हा हुक पाना किंवा त्या मापाचा खास पानाच वापरावा. नळी शिकंज्यात आवळली की बोअर लंबगोल होतो, म्हणून ती बुडाच्या डोळ्याशी धरावी.

जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले तेव्हाही गळती हाच अडसर होता. दाबाने आपोआप घट्ट होणाऱ्या चामडी सीलचे श्रेय हेन्री मॉडस्लेला दिले जाते. आजच्या रबरी ओ-रिंगचे अमेरिकी पेटंट नील्स क्रिस्टेन्सन यांना 1939 मध्ये मिळाले.

ग्लँड खोलण्यापूर्वी ट्रॉली खाली उतरवून किंवा भक्कम टेकू देऊन दाब पूर्ण सोडावा. गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.