घरच्या घरी व्हॅनचे शॉकअप कसे बदलाल? ओम्नी-ईकोवाल्यांसाठी कामाची माहिती

पावसाळा संपला की गावाकडच्या रस्त्यांची काय अवस्था होते, हे वेगळं सांगायला नको. त्या खड्ड्यांतून रोज व्हॅन पळते. सकाळी शाळेची मुलं, दुपारी भाजीपाला, रात्री-अपरात्री एखादा पेशंट. मग कधीतरी मागून खडखड सुरू होते, वळणावर गाडी डुलायला लागते आणि आपण म्हणतो, "चालतंय अजून." पण सस्पेन्शन गेलेल्या गाडीची चाकं खड्ड्यात जमिनीवरून उचलली जातात, ब्रेक उशिरा लागतो, आणि नवे टायरही लवकर झिजतात.

सगळंच काम गॅरेजला न्यावं लागतं असं नाही. मागचे शॉकअप बदलणं हे थोडीफार पान्याची सवय असलेल्या माणसाला घरी जमण्यासारखं आहे. मात्र काही कामं घरी अजिबात करू नयेत. दोन्ही गोष्टी समजून घ्या.

आपल्या गाडीखाली नेमकं काय आहे?

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी गावोगावी ती अजून पळतेच आहे. ईको २०१० पासून आहे. दोन्ही गाड्यांना पुढे स्ट्रट असतो, म्हणजे गोल स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला. मागे मात्र फरक आहे. ओम्नीला मागे पाटे आणि वेगळे शॉकअप असतात, तर ईकोला मागेही गोल स्प्रिंग आणि शॉकअप असतात. हा फरक काम करताना महत्त्वाचा ठरतो.

पाटा किंवा स्प्रिंग वजन पेलते. शॉकअप तिची उसळी थांबवतो. बुश हे रबराचे असतात, ते धक्का गिळतात आणि लोखंडावर लोखंड आपटू देत नाहीत.

खराब झालंय हे कसं ओळखाल?

- गाडीचा एक कोपरा जोरात खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन गाडी थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीन वेळा हलत राहिली तर शॉकअप गेला.
- शॉकअपच्या अंगावरून तेलाचे ओघळ आलेत का पाहा. नुसती धूळ चिकटलेली असेल तर चालतं, ओलं तेल असेल तर बदला.
- रिकामी गाडी सपाट जागेवर एका बाजूला कललेली दिसते का? मग पाटा किंवा स्प्रिंग तपासा. एखादं पान तुटलेलं असू शकतं.
- टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील तर शॉकअपवर संशय घ्या.
- पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बहुतेक बेअरिंग खराब आहे. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ असेल तर टायरॉड एंड पाहा.

सामान घेताना

शॉकअप नेहमी जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना असला की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. दुकानात जाताना आरसीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मॉडेल आणि वर्ष बघूनच पार्ट घ्या, कारण ओम्नीचे आणि ईकोचे वेगळे असतात. जुने शॉकअप रंग मारून नव्यासारखे करून कुणी स्वस्तात देत असेल तर नाद सोडा. रॉडवर गंज किंवा ओरखडा नको, आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटीचं बोलता येत नाही.

अवजारं साधीच लागतात: जॅक, दोन मजबूत स्टँड, रिंग पाने आणि गोटी पाने, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि हातोडा.

सगळ्यात आधी जीव

हा भाग घाईत सोडून देऊ नका. ओम्नी आणि ईको या मागच्या चाकावर चालणाऱ्या गाड्या आहेत, आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. म्हणजे मागची चाकं उचलली की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निकामी. गाडी पुढे सरकू शकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.

जागा सपाट आणि टणक हवी. मऊ मातीत जॅक रुततो. तसंच काम करायची वेळ आलीच तर जॅकखाली जाड फळी ठेवा.

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावू नका, ते वजनाखाली अचानक फुटतात. स्टँडच हवेत. गाडी स्टँडवर आली की बाजूने जोरात हलवून बघा. हलली नाही तरच खाली जा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर गाडी त्या चाकावर अडेल. काम चालू असताना एक माणूस जवळ हवाच, आणि लहान मुलं लांब.

मागचे शॉकअप बदलण्याची पद्धत

१. आदल्या रात्री वरच्या आणि खालच्या नटांची माती ब्रशने काढा आणि स्प्रे मारून ठेवा. गंजलेला नट सकाळी सोपा सुटतो.

२. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे ढिले करा. मग एकेक बाजू उचलून चेसिसखाली स्टँड लावा आणि चाकं काढा.

३. मोकळा झालेला जॅक आता ॲक्सलखाली लावा आणि ॲक्सलला अलगद आधार द्या. ईकोमध्ये हे फारच गरजेचं आहे. आधार नसेल तर शॉकअप सुटल्यावर ॲक्सल खाली जातो, ब्रेकच्या पाइपवर ताण येतो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

४. खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. कोणता वॉशर कुठे होता हे नंतर आठवत नाही.

५. एका वेळी एकच बाजू खोला. खालचा नट आणि वरचा नट काढून जुना शॉकअप बाहेर घ्या. नट सुटतच नसेल तर पान्याला भलताच लांब पाइप लावून झटके देऊ नका, गाडी स्टँडवरून हलेल.

६. नवा शॉकअप बसवण्याआधी सरळ उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आतली हवा निघते. गॅसच्या शॉकअपला पट्टी बांधलेली असेल तर एक टोक बसल्यावरच ती कापा.

७. रबर बुश बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस, ऑइल किंवा डिझेल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि लवकर खराब होतं.

८. नट आधी हाताने आणि मग पान्याने बेताचे आवळा. शेवटची आवळणी गाडीचं वजन ॲक्सलवर आल्यावरच करा. त्यासाठी जॅकने ॲक्सल इतका वर घ्या की वजन त्यावर येईल. स्टँड जागेवरच राहू द्या. चाक लोंबकळत असताना नट पक्का आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. नवा बुश लवकर गेला असं म्हणतात, त्यात बऱ्याचदा चूक इथेच असते.

९. चाकं लावा, नट समोरासमोर क्रमाने आवळा, गाडी खाली घ्या आणि नट पुन्हा तपासा. रिकामी गाडी हळू चालवून बघा. साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट परत एकदा आवळून घ्या.

ही कामं घरी करू नका

- पुढच्या स्ट्रटची गोल स्प्रिंग खोलणं. ती दाबलेल्या अवस्थेत असते. स्प्रिंग दाबायचं खास अवजार न लावता वरचा नट काढला तर ती उडून तोंडावर बसते. दोरी किंवा तारेने बांधून हे काम होत नाही.
- तुटलेलं पान वेल्डिंग करणं किंवा पाटा गॅसने तापवणं. पोलादाचा ताव जातो आणि भरल्या गाडीत तो पुन्हा तुटतो.
- जास्त माल भरायचा म्हणून जादा पान टाकणं. पाटा तगेल, पण ॲक्सल, ब्रेक आणि टायर तेवढ्याच वजनाचे असतात. शिवाय कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे बंधनं आहेत.
- लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड. हे काम मिस्त्रीकडून करून घ्या आणि नंतर अलाइनमेंट करा, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातील.

शाळेची मुलं नेणाऱ्यांसाठी

प्रवासी वाहनाला फिटनेस लागतोच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पण फिटनेसची तारीख येईपर्यंत थांबू नका. महिन्यातून एकदा कोपरा दाबून बघणं, गाडीखाली वाकून तेलाचे ओघळ आणि पाटे बघणं, याला दहा मिनिटं लागतात. पालकांनीही गाडी कललेली दिसली किंवा सतत खडखड ऐकू आली तर चालकदादांना विचारायला संकोच करू नये.

आणि काम अर्धवट जमतंय असं वाटलं, नट फिरला, आटे गेले किंवा काहीतरी नीट बसत नाही असं दिसलं, तर तिथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. मजुरीचे चार पैसे वाचवण्यासाठी गाडीत बसणाऱ्यांचा जीव टांगणीला लावायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.