इंदापूरचा सारा आणि परिचारिकेचे कर्ज

नीरेच्या उत्तर तीरावर, इंदापुराहून अकलूजला जाणाऱ्या वाटेवर वसलेले बावडा आज उसाचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु ज्या तालुक्यात ते मोडते, त्या इंदापूर तालुक्याचे नाव अव्वल इंग्रजीतल्या महसुली दप्तरात ठळकपणे दाखल झाले, ते एका मंदीमुळे आणि त्या मंदीत घरेदारे टाकून परमुलखात गेलेल्या रयतेमुळे. पुणे प्रांतात कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून त्याचे 55 टक्के सरकारचा हिस्सा ठरविला. हिशेब कागदावर सुसंगत होता; पण धान्याचे भाव कोसळत चालले असता तो अमलात आला, त्यात हाताखालच्या कारकुनांच्या लबाडीची भर पडली, आणि वसुलीसाठी रयतेचा छळ होऊ लागला तेव्हा गावेच्या गावे परागंदा होऊन निजामाच्या हद्दीत गेली. जमीन तीच होती आणि कसणारे हातही तेच होते. चुकला होता तो चांगल्या काळातल्या भावावर बांधलेला सारा.

हा इतिहास येथे आठवण्याचे कारण असे की, नर्सिंगचा अभ्यासक्रम नुकताच पुरा करून परदेशी नोकरीची खटपट करणाऱ्या ग्रामीण मुलीची मंदीच्या काळात जी कोंडी होते, तिचे वर्म मला या जुन्या साऱ्याच्या हिशेबात सापडते.

या भागातल्या मुलींना हा व्यवसाय सहजासहजी लाभलेला नाही. 1891 साली मुंबईत बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणास आल्या आणि पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांची नोंद झाली. मिरजेला डॉक्टर वानलेस यांच्या मिशन रुग्णालयातही परिचारिका तयार होऊ लागल्या. परंतु परपुरुषाच्या अंगास हात लावणे, परजातीच्या रोग्याचे मलमूत्र काढणे आणि रात्रभर घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी ज्या समाजास कुलीन स्त्रीच्या बाबतीत अकल्पनीय वाटत होत्या, त्या समाजातील विधवांना आणि परित्यक्तांना ससून रुग्णालयाच्या वॉर्डात उभे करण्याचे श्रेय पुण्याच्या सेवासदनाकडे आणि रमाबाई रानडे यांच्याकडे जाते. 1909 साली ही संस्था पुण्यात निघाली आणि थोड्याच अवधीत तिच्या विद्यार्थिनी ससूनमध्ये शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. नहाणीघरात केशवपन करून बसविलेल्या बाईच्या हाती स्वतःच्या कमाईचा पगार पडणे, ही त्या काळातली केवढी मोठी क्रांती होती, याची कल्पना आज पगाराच्या आकड्यावरून हुज्जत घालणाऱ्या आपणांस सहसा येत नाही.

पुढे 1930 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पुन्हा गडगडले. याच सुमारास, 1932 मध्ये, साखरधंद्यास सरकारी संरक्षण मिळाले; नीरेच्या पलीकडे सासवडच्या माळी मंडळींनी माळीनगरचा कारखाना उभारला, अलीकडे वालचंदनगर वसले आणि कालव्याच्या पाण्यावर या मुलखाने मंदीतून वाट काढली. शुश्रूषेच्या व्यवसायास 1935 च्या मुंबई कायद्याने नोंदणीची शिस्त लागली. तरीही 1946 साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात 43,000 लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण पडत होते. दोनच वर्षांनी इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि स्वतःच्या माणसांवर तिचे भागेना. 1973 नंतर तेलाच्या पैशातून आखाती देशांत रुग्णालये उभी राहिली, आणि ज्या देशास स्वतःलाच परिचारिका पुरत नव्हत्या, त्याच देशातून त्या बाहेर जाऊ लागल्या. या प्रवाहात केरळ अग्रभागी राहिले; महाराष्ट्र फार मागून आला.

मागून येणाऱ्यास ओहोटी लवकर लागते. 2006 साली इंग्लंडच्या आरोग्यसेवेच्या तिजोरीत तूट आली, तेथल्याच नव्या परिचारिकांना जागा मिळेनात, आणि सामान्य श्रेणीच्या परिचारिकेचे पद, परदेशी माणसे आणण्यास सवलत देणाऱ्या टंचाईच्या यादीतून वगळले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने परिचारिकांसाठी मोकळे केलेले 50,000 व्हिसा संपले. 2008 ची मंदी आली तेव्हा अमेरिकेत रोगी कमी झाले नव्हते. पण नवऱ्यांच्या नोकऱ्या गेल्यामुळे घरी बसलेल्या परिचारिका कामावर परतल्या, अर्धवेळ काम करणाऱ्या पूर्णवेळ करू लागल्या, निवृत्तीस आलेल्यांनी निवृत्ती लांबविली, आणि अनुभवाची अट नवशिक्यांच्या आड उभी राहिली. कोरोनाच्या महासाथीनंतर इंग्लंडचे दार पुन्हा उघडले आणि 2024 नंतर तेथे येणाऱ्या नव्या परदेशी परिचारिकांची संख्या पुन्हा झपाट्याने घटली.

आता इंदापूरच्या साऱ्याकडे वळू, कारण त्या हिशेबातली चूक येथेही तशीच घडते. मुलीला जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंगला घालताना घरच्यांनी काढलेले कर्ज, इंग्रजी वा जर्मन भाषेच्या परीक्षांचे शुल्क, प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा खर्च आणि एजंटाची मागणी, हे सारे आकडे तेजीतल्या परदेशी पगाराकडे पाहून बांधले जातात. फेड मात्र मंदीत, गावाजवळच्या खाजगी दवाखान्यातल्या पगारातून करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत अशी शिफारस केली. पण अंमलबजावणी राज्यांवर सोपविल्यामुळे ती बहुतांशी कागदावर राहिली. परदेशी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेण्याची कायद्याने मुभा नाही, हे कित्येक पालकांना ठाऊक नसते. आणि नाव न नोंदलेला एजंट तर कोणताच आकडा मानत नाही. फसवणुकीचे प्रकार इतके वाढले की 2015 साली केंद्र सरकारने आखातासह 18 देशांसाठीची परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा दंडक घातला, आणि त्या वेळी त्यासाठी पुढे केलेल्या दोन्ही संस्था केरळ सरकारच्या होत्या.

प्रिंगलचा सारा असा फसल्यावर 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातूनच नव्या पाहणीस प्रारंभ केला. त्यांनी तर्कशुद्ध सूत्राचा मोह सोडला, जमिनीची प्रतवारी पाहिली, रयतेला पडत्या वर्षातही झेपेल एवढा सारा ठरविला आणि तो 30 वर्षांसाठी कायम केला. परागंदा झालेली रयत परतू लागली, पडीक जमीन लागवडीस आली, आणि ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. परक्या राज्यकर्त्यांना जे उमगले, ते स्वकीय सरकारला उमगू नये हे मला सोसत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. ही दिशा योग्य आहे, पण एका देशाच्या एका राज्याच्या भरवशावर हा प्रश्न सुटणार नाही. नर्सिंगच्या शिक्षणाचे कर्ज या राज्यातल्या परिचारिकेच्या प्रत्यक्ष पगारावर बेतावे, परदेशी नेमणूक लांबली तर त्याची वसुली तहकूब ठेवावी, 20,000 रुपयांच्या किमान वेतनाचा हुकूम जारी करावा, आणि परदेशी भरतीची सरकारी कचेरी जिल्ह्याच्या ठिकाणी उघडावी, एवढी मागणी बावड्यासारख्या गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून शासनाकडे धाडली पाहिजे.