दलित स्त्रीवाद

जात, वर्ग, लिंगभाव आणि लैंगिकता यांतून येणारी विषमता एकमेकींत गुंतलेली असते, ती सुटी करून समजत नाही, असे दलित स्त्रियांच्या अनुभवाच्या आधारे मांडणारी विचारधारा व चळवळ. संज्ञा म्हणून ती 1990 नंतर रूढ झाली. मात्र तिच्यातील बहुतेक मागण्या त्याआधी अर्धशतक महाराष्ट्रात सभा-परिषदांच्या ठरावांतून आलेल्या दिसतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

वैचारिक आधार : बाबासाहेब आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्नाला मनाई हेच जातीचे मुख्य लक्षण, हा त्याचा गाभा. ही मनाई टिकवायची तर जातीतल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की मागे राहिलेली बायको या हिशेबात ‘जादा’ ठरते. तिच्यासाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषासाठी मात्र वयात न आलेली मुलगी. स्त्रीच्या लैंगिकतेवरचा ताबा ही जातीची केवळ एक वाईट प्रथा नसून जात ज्यावर उभी आहे तो पायाच आहे, हे त्यांनी येथे दाखवले. पुढील सर्व दलित स्त्रीवादी मांडणीचे मूळ या निबंधात आहे. शरद पाटील यांनी 1978 साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापून मार्क्स, फुले व आंबेडकर यांचे विचार जोडले आणि जात व वर्ग यांच्या बरोबरीने स्त्रीदास्याचा अंत हे उद्दिष्ट मानले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांची मांडणी याला समांतर आहे. जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. कारखान्यात कृष्णवर्णीय पुरुष आहेत, कचेरीत गोऱ्या स्त्रिया आहेत. मग वंशभेदही नाही व लिंगभेदही नाही, आणि दोन्ही कारणे एकत्र करून दाद मागता येत नाही, असा निकाल 1976 मध्ये लागला. दोन्हींच्या मधोमध सापडलेल्या या स्त्रियांच्या स्थितीवरून किंबर्ली क्रेनशॉ या विधिज्ञ विदुषीने 1989 साली छेदनाचा सिद्धांत मांडला. महाराष्ट्राचा या विचारविश्वाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती; दलित पँथरने 1972 मध्ये आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. तथापि जात म्हणजे वंश नव्हे, हे आंबेडकरांचे मत होते. 2001 च्या वंशभेदविरोधी डर्बन परिषदेत जातिभेदाला वंशभेदाच्या चौकटीत बसवण्यावरून तीव्र मतभेद झाले व भारत सरकारने त्यास विरोध केला.

पूर्वेतिहास : मुक्ता साळवे या फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदय’ मध्ये 1855 साली छापला गेला. त्या वेळी ती सुमारे चौदा वर्षांची होती. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख तिने त्यात मांडले आहे. जात, दारिद्र्य आणि बाईचे शरीर हे तिन्ही एकाच प्रसंगात पाहणारे इतके जुने मराठी लेखन विरळाच. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ (1882) बहुजन स्त्रीचे असले, तरी त्याचा रोख मुख्यतः उच्चवर्णीय विधवेच्या प्रश्नाकडे आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 पासून ‘सोमवंशीय मित्र’ मधून, खंडोबाला मुली वाहून त्यांना मुरळी करण्याच्या चालीविरुद्ध मोहीम चालवली. 1927 च्या महाड सत्याग्रहात व 1930 मध्ये सुरू झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-रजेच्या विधेयकाला आंबेडकरांनी पाठिंबा दिला. त्याचा कायदा 1929 मध्ये झाला.

नागपूरची परिषद : विदर्भातील स्त्रियांचे कार्य या इतिहासात मध्यवर्ती मानले पाहिजे. जाईबाई चौधरी यांनी रेल्वे स्थानकावर हमाली करून शिक्षण घेतले व 1922 साली नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. 1937 च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा दलित स्त्रियांना जेवणासाठी वेगळे बसवण्यात आले. हा अपमान त्यांनी सोसला नाही. 1 जानेवारी 1938 रोजी नागपुरातच दलित स्त्रियांनी निषेध सभा घेतली. ‘सर्व स्त्रिया एक’ या भूमिकेला महाराष्ट्रात मिळालेले हे पहिले जाहीर व संघटित उत्तर होय.

20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्षपद कीर्तीबाई पाटील यांच्याकडे, तर चिटणीसपद इंदिराबाई पाटील यांच्याकडे होते. उपस्थिती वीस ते पंचवीस हजार सांगितली जाते. आंबेडकर त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते व या परिषदेत त्यांचे भाषण झाले. परिषदेचे ठराव मुळातून वाचण्याजोगे आहेत. एका ठरावाने स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मागितला, दुसऱ्याने बहुपत्नीत्व कायद्याने बंद करण्याची मागणी केली. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथील स्त्री-कामगारांना वर्षातून 21 दिवसांची किरकोळ रजा व एक महिन्याची हक्काची रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षे नोकरी झाल्यावर दरमहा 15 रुपये निवृत्तिवेतन मिळावे, असा आणखी एक ठराव होता. गिरण्यांत देखरेखीसाठी स्त्री-निरीक्षक नेमाव्यात, प्रत्येक प्रांतात 50 मुलींचे वसतिगृह सरकारने चालवावे, विधिमंडळांत व स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांसाठी जागा राखाव्यात, हेही ठरले. स्त्री-निरीक्षकाच्या मागणीमागे मुकादमाच्या हाती असलेल्या बाईची असुरक्षितता आहे. घटस्फोट, पगारी रजा, राखीव जागा आणि देहाची सुरक्षितता एकाच दिवशी, एकाच मांडवात मागणाऱ्या या बायका विडी वळणाऱ्या व गिरणीत राबणाऱ्या होत्या. चळवळीच्या इतिहासग्रंथांत या परिषदेला मिळालेली जागा तिच्या मोलाच्या मानाने फार अपुरी आहे.

आत्मकथने : कुमुद पावडे (‘अंतःस्फोट’, 1981), मुक्ता सर्वगोड (‘मिटलेली कवाडे’, 1983), शांताबाई कांबळे (‘माज्या जल्माची चित्तरकथा’), बेबी कांबळे (‘जिणं आमुचं’), शांताबाई दाणी (‘रात्रंदिन आम्हा’), उर्मिला पवार (‘आयदान’, 2003). बेबी कांबळे यांचे लेखन प्रथम ‘स्त्री’ मासिकातून आले. महारवाड्याबाहेरच्या जुलमासोबत घरातला सासुरवासही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिला. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी गावोगाव जाऊन वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) सिद्ध केले. वर दिलेला नागपूरचा तपशील आज उपलब्ध आहे तो मुख्यतः अशाच संकलनामुळे.

1975 नंतर : गडचिरोली भागातील मथुरा या मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणातील आरोपी पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये निर्दोष सोडल्यावर देशभर आंदोलन झाले व 1983 साली बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पीडित मुलगी आदिवासी व मजूर होती, ही बाब त्या मागण्यांत दुय्यम राहिली. औरंगाबादेत महिला समता सैनिक दल 1970 च्या दशकात निघाले. 1995 साली दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच वर्षी राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या आवाजाची बाजू मांडली. डिसेंबर 1996 मध्ये चंद्रपूरच्या परिषदेत, महाडच्या मनुस्मृतिदहनाचा 25 डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, असा प्रस्ताव आला.

समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (मृत्यू 2013) यांनी 1998 मध्ये ‘दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी’ मांडली. दलित स्त्री वेगळी आहे एवढे म्हणून थांबू नये, तिच्या जागेवरून सर्व स्त्रीवादाने स्वतःची फेरतपासणी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. छाया दातार यांनी त्याला उत्तर देताना पर्यावरण व उपजीविकेच्या प्रश्नांकडे लक्ष वेधले. दलितेतरांना ही भूमिका घेता येते का, हा वाद मिटलेला नाही.

कला व लैंगिकता : तमाशातील स्त्रिया बहुतांश दलित व कोल्हाटी समाजांतल्या. त्यांच्या लावणीला लोककलेचा मान मिळाला, पण ती सादर करणारीला नाही. शैलजा पाईक यांच्या 2022 च्या इंग्रजी ग्रंथात ‘अश्लील’ हा शिक्का जातीने कसा घडवला याचे विवेचन तमाशा कलावंत पवळाबाईंपासून पुढे केले आहे. 2005 साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली, तेव्हा काही स्त्री संघटनांनी उपजीविकेच्या हक्कावरून बंदीला विरोध केला, तर काही दलित-बहुजन स्त्री संघटनांनी हे जातीने लादलेले काम आहे म्हणून बंदीला पाठिंबा दिला. दोन्ही बाजूंनी मांडलेले प्रश्न खरे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंदी रद्द ठरवली.

तृतीयपंथी : दिशा पिंकी शेख यांनी कविता व राजकारणातून भटके जीवन, जात व तृतीयपंथीयत्व एकत्र मांडले आहे.

श्रम : ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल बहुधा पुरुषाच्या हाती येते व खाडा झाला की पैसे कापले जातात. फडावर शौचालय वा पाण्याची सोय नसते. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण उघड झाल्यावर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या कामगारांत वंजारी, दलित, भटक्या व इतर जाती आहेत. जातवार आकड्यांवाचून या माहितीचा अर्थ अपुराच लागतो.

कायदा : दलितांवरील अत्याचाराचा एक कायदा, स्त्रियांवरील अत्याचाराची दुसरी कलमे, अशी विभागणी असल्याने दोन्ही कारणांनी झालेला गुन्हा कशातच नीट बसत नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलांची हत्या झाली. 2008 मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही, स्त्रियांवरील लैंगिक गुन्हाही शाबीत मानला नाही. उच्च न्यायालयाने 2010 मध्ये फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. नागपूरसह राज्यभर उसळलेल्या आंदोलनात दलित स्त्रिया आघाडीवर होत्या.

राखीव जागांच्या बाबतीत, 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देताना अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तोच वाटा ठेवला. इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी तरतूद नाही.

अत्याचाराच्या गुन्ह्यांबाबत, 27 एप्रिल 2021 च्या पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंध दलित तरुणीवरील बलात्काराचा विचार करताना जात, लिंग व अपंगत्व यांच्या छेदनाचा सिद्धांत सविस्तर मान्य केला. आरोपीची जन्मठेप कायम राहिली. पण ती दलित आहे म्हणूनच गुन्हा केला असा पुरावा नाही, या कारणाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील दोषसिद्धी रद्द झाली. पीडितेची जात आरोपीला ठाऊक असणे पुरेसे ठरवणारी दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. गुन्हा 2011 मधील असल्यामुळे तिचा लाभ या तरुणीला मिळाला नाही.