एक हिशेब, अनेक यंत्रे
एकच संगणकप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) निरनिराळ्या यंत्रांवर चालवण्याची वाट युनिक्सने मोकळी केली. १९७३ मध्ये ही प्रणाली सी भाषेत नव्याने लिहिली गेली. पुढे यंत्र बदलले तरी बराचसा कोड तसाच वापरता येऊ लागला. अनेक यंत्रांवर एकच काम कसे चालवायचे, या प्रश्नाला छत्तीसगडमधल्या रायपूरच्या रेशनव्यवस्थेत वेगळे उत्तर निघाले. राज्यातल्या धानखरेदीचे व रेशनचे संगणकीकरण २००७ च्या सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभे केले. २०१२ मध्ये रायपुरात ‘कोअर पीडीएस’ ही रेशनवाटपाची ऑनलाइन योजना सुरू झाली. हिशेब मध्यवर्ती सर्व्हरवर, दुकानात फक्त कार्ड वाचणारे, मोबाइल नेटवर्कने जोडलेले छोटे यंत्र. नियम बदलला तर तो सर्व्हरवर बदलायचा. कार्डधारकाला योजनेतले कोणतेही दुकान निवडता आले. एकाच दुकानदाराच्या मर्जीतून त्याची सुटका झाली, आणि या कामाचे खरे मोल तेच. नंतर ही पद्धत राज्यातल्या इतर शहरांतही पोहोचली.