भत्ता आणि उचल

या ग्रंथाच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे नोकरीनिमित्तच या प्रांती येऊन स्थिरावली. सरकारी सेवेत बदलीचा हुकूम हाती पडला की त्यामागोमाग प्रवासभत्ता येतो, सामानाच्या वाहतुकीचा खर्च मिळतो, रुजू होण्यास अवधी मिळतो. घर सोडल्याची रुखरुख त्याने जात नाही. पण आम्ही घर सोडले, याची नोंद कोठेतरी राहते. अंगमेहनतीसाठी परप्रांती जाणाऱ्या सर्वसाधारण मजुराला एवढी नोंद कायद्याने मिळावयास १९७९ साल उजाडावे लागले.

त्याआधीचा इतिहास फारसा भूषणावह नाही. आसामच्या चहामळ्यांतून करार मोडून निघालेल्या मजुराला वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार १८६५ च्या कायद्याने खुद्द मळेवाल्यास दिला होता. तो १९०८ मध्ये संपला. १९३२ च्या कायद्याने तीन वर्षांनंतर मालकाच्या खर्चाने गावी परतण्याचा हक्क मिळाला. परंतु तो केवळ चहामळ्यांच्या मजुरांना.

रस्त्यांच्या आणि धरणांच्या कामांवर जाणाऱ्यांचा वाली कोणी नव्हता. तेव्हाच्या ओरिसात अशा मजुरीस ‘दादन’ म्हणत. दादन म्हणजे आपल्याकडची उचल. सरदार किंवा खातादार गावात येई, आगाऊ रक्कम देई, वेतनाची व वाटखर्चाची आश्वासने देई. आणि दूरच्या कामावर पोहोचल्यावर ती विरून जात. ओरिसाने १९७५ मध्ये स्वतःचा कायदा केला खरा, पण मजूर राज्याची सीमा ओलांडून जात असल्याने केंद्रीय कायद्यावाचून गत्यंतर नव्हते.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा अधिनियम आम्ही अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी त्यातील बारकाव्याचे कौतुक वाटले आहे. कंत्राटदारास परवाना हवा. मजुराजवळ छायाचित्रासह पासबुक हवे. मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता, शिवाय जाण्यायेण्याचे भाडे. राहण्यास जागा, विनामूल्य औषधोपचार. आणि प्राणघातक अपघात घडल्यास दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व मजुराच्या जवळच्या नातलगास खबर! परगावी मेलेल्या माणसाची वार्ता घरी पोहोचावी, हेही कायद्यात लिहावे लागले.

दिल्लीत हा कायदा २ ऑक्टोबर १९८० रोजी लागू झाला. नियम मात्र अमलात आले जून १९८२ मध्ये. कायदा आणि नियम यांमधील हे अंतर आम्हा कचेरीतल्या मंडळींना नवे नाही. पण याच काळात राजधानीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे रात्रंदिवस चालू होती. रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे. जमादार एक रुपया दलाली कापून घेत, मजुराच्या हाती उरत ८ रुपये २५ पैसे. हे प्रकरण पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठच होय. एका रुपयाचा प्रश्न मूलभूत हक्कापर्यंत पोहोचला तो असा.

१९७९ चा अधिनियम आता स्वतंत्र राहिलेला नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंत्राटदारावाचून, आपणहून आलेला मजूरही तिच्या व्याख्येत बसतो, ही जमेची बाजू. विस्थापन भत्ता मात्र गेला, आणि आमच्या मते हे उणे लहान नाही.

कारण दादनची रीत मोडलेली नाही, आणि ती केवळ ओडिशाची नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आजही कर्नाटकाच्या वाटेला लागतात. कारखान्याची उचल मुकादमाकडे, मुकादमाची मजुराकडे; आणि मालक कोण असे विचारले, तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’ धरला जातो, आणि उचलीचे पैसे बहुधा नवऱ्याच्याच हाती पडतात.