‘एड्स’ या संज्ञेची व्याख्या व तिचा इतिहास

आयुर्वेदात मूळ व्याधीच्या मागोमाग उद्भवणाऱ्या विकारास ‘उपद्रव’ अशी संज्ञा आहे. एड्सचा इतिहास पाहू गेल्यास क्रम उलटा आढळतो: उपद्रव आधी नोंदले गेले, मूळ व्याधी मागाहून कळली. या उलट क्रमाचा संज्ञेच्या व्याख्येवर काय परिणाम झाला, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारार्थ घेतला आहे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांची हकीकत प्रसिद्ध झाली. पाचही जणांना ‘न्यूमोसिस्टिस’ या सूक्ष्म जीवामुळे होणारा फुप्फुसदाह झाला होता. अहवाल निघेपर्यंत दोघे दगावले होते. निरोगी माणसास हा जीव सहसा बाधत नाही. कुपोषित अर्भके, अथवा औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे असे रुग्ण, यांच्याच ठायी तो तोवर आढळत असे. ३ जुलै रोजी ‘कापोसी सार्कोमा’च्या २६ रुग्णांची नोंद झाली. व्हिएन्ना येथील मोरित्स कापोसी याने १८७२ मध्ये वर्णिलेला हा अर्बुदविकार एरवी बहुधा वृद्धांत दिसे.

हे सर्व रुग्ण समलिंगी पुरुष असल्यामुळे ‘समलिंगी पुरुषांचा प्रतिकारदोष’ अशा अर्थाचे नाव काही काळ प्रचारात आले. नाव एका समाजगटावरून पडले की शोधकाची दृष्टीही त्या गटावरच खिळते. पुढे हिमोफिलियाचे रुग्ण, हैतीहून आलेले लोक व शिरेतून मादक द्रव्य टोचून घेणारे यांच्यातही तेच विकार दिसल्यावर ते नाव टिकणे शक्य नव्हते. २४ सप्टेंबर १९८२ च्या अहवालात केंद्राने ‘एड्स’ ही संज्ञा व्याख्येसह योजिली. प्रतिकारशक्ती घटण्याचे ज्ञात कारण नसताना ती खालावल्याचे सुचविणारा विकार होणे, असा त्या व्याख्येचा आशय होता. म्हणजे व्याख्या वस्तुतः उपद्रवांची यादीच होती.

१९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला व तीन वर्षांनी त्याचे ‘एचआयव्ही’ हे नाव ठरले. प्रतिकारयंत्रणेचे नियमन करणाऱ्या ‘सीडी४’ लसीकापेशी तो नष्ट करतो, हे स्पष्ट झाले. कारण हाती आल्यावर यादीचे प्रयोजन संपावयास हवे होते. परंतु १९८५ व १९८७ मध्ये तीच यादी विस्तारण्यात आली. दरम्यान युगांडातील लोकांनी आपल्या डोळ्यांना जे दिसले त्यावरून या रोगास ‘स्लिम’, म्हणजे कृश, असे म्हटले होते. आपला ‘क्षय’ हा शब्द याच रीतीने घडलेला आहे, हे येथे सहज लक्षात येते.

यादी मुख्यतः पुरुषांच्या निरीक्षणावरून सिद्ध झाली होती, आणि तिचा खरा दोष येथेच होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग तीत नव्हता. वरचेवर होणारा साधा न्यूमोनियाही नव्हता. विषाणूने ग्रस्त झालेली स्त्री या विकारांनी मरणपंथास लागली, तरी व्याख्येनुसार तिला ‘एड्स’ नव्हता. अमेरिकेत अपंगत्वाचे साहाय्य बव्हंशी या व्याख्येशी निगडित असल्याने तेही तिला नाकारले जाई. १९९० मध्ये न्यूयॉर्क येथे सरकारविरुद्ध दावा दाखल झाला आणि स्त्रियांच्या संघटनांनी निदर्शने केली.

१ जानेवारी १९९३ पासून यादीत तीन विकारांची भर पडली: गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग, वारंवार होणारा न्यूमोनिया व फुप्फुसाचा क्षय. फुप्फुसाबाहेरील क्षय १९८७ पासूनच यादीत होता. मात्र भारतात या रोग्यांचा प्रमुख उपद्रव जो फुप्फुसाचा क्षय, त्यास सहा वर्षे थांबावे लागले. याखेरीज सीडी४ पेशी दर घन मिलिमीटर रक्तात २०० हून कमी असणे, एवढेही निदानास पुरेसे मानले गेले. त्या वर्षी अमेरिकेत नोंदलेल्या रुग्णांची संख्या आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक भरली. ही वाढ मुख्यत्वे पेशीगणनेच्या नव्या कसोटीमुळे झाली होती. त्यांतील अनेक माणसे आदल्या वर्षीही आजारीच होती.