माणूस, संगणक आणि चौसष्ट घरे

संगणकाकडून बुद्धिबळ खेळवून घेण्याची शास्त्रीय रीत १९५० मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने लेखातून मांडली. पटावरची प्रत्येक स्थिती अंकांत तोलायची, आपली खेळी, त्यावर समोरच्याचे उत्तर, त्यावर पुन्हा आपली खेळी असे फाटे पाडत जायचे आणि त्यांतला कमीत कमी धोक्याचा फाटा निवडायचा, असे तिचे स्वरूप होते. अडचण फाट्यांच्या संख्येची होती. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० खेळ्या उपलब्ध असतात आणि काळ्यालाही तितक्याच, म्हणजे दोघांची एकेक खेळी होताच ४०० वाटा तयार होतात. तिथून पुढे ही संख्या आवरत नाही.

त्या काळी महाराष्ट्रात देशी पद्धतीचा खेळ अजून जिवंत होता. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. आंतरराष्ट्रीय नियम रुजवण्याचे काम स्पर्धांनी आणि मंडळांनी केले. १९५५ मध्ये एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने या खेळाला हक्काचे घर दिले. सातारा-सांगली भागातल्या होतकरू खेळाडूला तोडीचा प्रतिस्पर्धी हवा असेल, तर अशा मंडळाची वाट धरावी लागे. संगणकाने पुढे काय बदलले, हे कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

माणूस आणि यंत्र यांची पहिली गाजलेली लढत पैजेतून झाली. दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला सामन्यात हरवणार नाही, अशी पैज स्कॉटलंडच्या डेव्हिड लेव्ही यांनी १९६८ मध्ये लावली आणि १९७८ मध्ये टोरांटोत ‘चेस ४.७’ला हरवून ती जिंकली. मात्र एक डाव त्यांना गमवावा लागला. यंत्र मारामारीच्या गुंतागुंतीत चूक करत नाही, पण शांत, कोंडलेल्या स्थितीत त्याला दिशा सापडत नाही, हे त्यांनी हेरले होते. पुढची वीस वर्षे जाणकार हाच मंत्र वापरत राहिले.

या टप्प्यावर एक मराठी नाव येते. सांगलीत जन्मलेले नाटककार-संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या घराण्यातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी १९७४ पासून राष्ट्रीय महिला स्पर्धेवर जवळजवळ दशकभर वर्चस्व गाजवले. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. लंडनमध्ये बुद्धिबळाच्या संगणकाला हरवणाऱ्या पहिल्या आशियाई खेळाडू म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. यंत्रे तेव्हा अजिंक्य नव्हती हे खरे. तरीही हा विजय मराठी वाचकांनी विसरावा इतका लहान नाही.

खरा कस १९९६ मध्ये लागला. फिलाडेल्फियात आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हविरुद्ध पहिलाच डाव जिंकला, सामना मात्र कास्पारोव्हने ४–२ असा घेतला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला दोघे पुन्हा समोरासमोर आले. यंत्र आता सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होते. पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. दुसऱ्यात यंत्राने घाई न करता, एखाद्या मुरलेल्या खेळाडूसारखी पकड घट्ट केली आणि कास्पारोव्हने हार मानली. त्या अंतिम स्थितीत सततचे शह देऊन बरोबरी साधता आली असती, हे त्याला नंतर कळले. तो धक्का पुढच्या डावांवर रेंगाळला. तीन डाव बरोबरीत सुटले आणि सहाव्यात यंत्राने आठव्याच खेळीला घोड्याचा बळी दिला. अवघ्या १९ खेळ्यांत डाव संपला आणि सामना ३½–२½ असा यंत्राकडे गेला. यंत्राला माणसांची मदत मिळाल्याचा संशय कास्पारोव्हने बोलून दाखवला, पण परतीचा सामना झाला नाही. आयबीएमने यंत्रच निवृत्त केले. विज्ञानाच्या दृष्टीने तो निर्णय दुर्दैवी होता, कारण सहा डावांवरून बलाबलाचा निवाडा करणे कठीण होते.

पुढच्या लढतींनी मात्र शंका उरू दिली नाही. १९९८ मध्ये विश्वनाथन आनंद ‘रेबेल १०’कडून ५–३ असा हरला, त्या सामन्यात जलद डावही होते. व्लादिमिर क्राम्निकने २००२ मध्ये बहारीनला ‘डीप फ्रिट्झ’शी ४–४ अशी बरोबरी साधली. २००६ मध्ये बॉनला क्राम्निक ‘डीप फ्रिट्झ’कडून ४–२ असा हरला आणि एका डावात तर एका खेळीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. त्याआधी, २००५ मध्ये, ‘हायड्रा’ने लंडनला मायकेल अॅडम्सचा ५½–½ असा पाडाव केला होता. बरोबरीच्या नात्याने खेळण्यात त्यानंतर अर्थ उरला नाही. २०१६ मध्ये हिकारू नाकामुरा ‘कोमोडो’शी खेळला, तेव्हा प्यादे किंवा खेळ्यांची सूट माणसाला देण्यात आली, तरीही यंत्र २½–१½ असे जिंकले.

सामने थांबले आणि यंत्र सरावाच्या टेबलावर आले. आज सातारा जिल्ह्यातल्या शिरवळमधल्या मुलाच्या फोनवरही ‘स्टॉकफिश’ हे बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर फुकट चालते आणि ते डीप ब्लूपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. पुस्तकांची आणि विश्लेषकाची उणीव त्याने बरीच भरून काढली. समोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याची नाही. २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख डीप ब्लूच्या विजयानंतर आठ वर्षांनी जन्मली. तिच्या पिढीने यंत्राशिवायचा सराव पाहिलेलाच नाही.

याच सोयीतून लबाडीची वाटही निघाली. २००६ मध्ये दिल्लीतल्या एका स्पर्धेत खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ यंत्र सापडले आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. आता मोठ्या स्पर्धांच्या सभागृहात शिरताना खेळाडूंची तपासणी होते, फोन बाहेर ठेवावे लागतात आणि डावांचे थेट प्रक्षेपण अनेकदा काही मिनिटे उशिराने दाखवले जाते.